‘फोटो काढण्यास सक्त मनाई आहे’ : एका फलकाचं वाचन

व्याख्यानमालेत साधारणपणे पुस्तकावर बोललं जातं, नाटकावर बोललं जातं, फार तर सिनेमावर. आज आम्ही एका फलकावर बोलणार आहोत. मजकूर एका ओळीचा आहे, लेखक अज्ञात आहे, आणि तुमच्यापैकी प्रत्येकाने तो वाचलेला आहे. ‘फोटो काढण्यास सक्त मनाई आहे.’

हा मजकूर वाचायला आम्ही कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके निवडले, त्याला कारण आहे. मुंबईची वाट, वीज आणि पाणी या तिन्ही गोष्टी या दोन तालुक्यांच्या अंगावरून जातात. कर्जतहून बोरघाट चढणारी रेल्वे आहे. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून आणि भिवपुरीचं १९२२ पासून चालू आहे. खालापुरात द्रुतगती मार्गाचा टोलनाका आहे, चौकजवळ मोरबे धरण आहे आणि त्याचं पाणी नवी मुंबई पिते. पनवेल-कर्जत या नव्या उपनगरी मार्गावर वावर्ल्याचा अडीच किलोमीटरहून लांब बोगदा आहे. एवढं सगळं सार्वजनिक बांधकाम इतक्या थोड्या जागेत क्वचितच सापडतं. आणि ते सगळं रस्त्यावरून दिसतं. शेतातून दिसतं, लोकलच्या खिडकीतून दिसतं. दिसतं, पण टिपायचं नाही, असं फलक सांगतो.

आता फलकाची भाषा बघू. वाक्यात कर्ता नाही. मनाई कोणी केली? ‘आहे’. जशी हवा आहे, डोंगर आहे, तशी मनाई आहे. आपल्या सरकारी मराठीला ही सवयच आहे, ‘करण्यात येत आहे’, ‘कळविण्यात येते’. करणारा नेहमी पडद्यामागे. कधी कधी खाली ‘आदेशावरून’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा वाटतं, चला, निदान कोणीतरी आहे. पण कोणाच्या आदेशावरून, ते पुन्हा नाहीच. मग तो ‘सक्त’ शब्द. कैदेच्या बाबतीत साधी आणि सक्त यांत फरक आहे आणि तो कायद्यात लिहिलेला आहे. साधी मनाई आणि सक्त मनाई यांतला फरक मात्र फलक रंगवणाऱ्यालाच ठाऊक. फोटो कशाचा, हेही सांगितलेलं नाही. भिंतीचा, की भिंतीसमोर उभ्या असलेल्या आमच्या भाचीचा? कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, कधीपर्यंत, कोणत्या हद्दीत? काही नाही. साहित्याच्या परीक्षेत या मजकुराला आम्ही नापास केलं असतं. कायद्याच्या परीक्षेतही तो बहुतेक ठिकाणी नापासच होतो, आणि आजचा खरा विषय तो आहे.

कोणी अडवलं की पहिला शब्द येतो ‘गोपनीयता’. गोपनीयतेचा कायदा म्हणजे १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम. इंग्रजांनी केलेला, तोही १८८९ च्या जुन्या कायद्याच्या पायावर. या कायद्याबद्दल चांगलं बोलावं अशी वेळ फार कमी येते, पण एका बाबतीत तो आमच्या फलकापेक्षा शहाणा आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात ‘निषिद्ध जागा’ म्हणजे काय ते दिलं आहे. लष्करी ठाणी, शस्त्रागारं वगैरे आलीच. पण रेल्वे, रस्ता, पाण्याची किंवा विजेची कामं निषिद्ध व्हायची असतील तर तीन गोष्टी लागतात. केंद्र सरकारने राजपत्रात तशी अधिसूचना काढली पाहिजे. या जागेची माहिती किंवा तिची नासधूस शत्रूच्या उपयोगी पडेल, हे कारण त्यात असलं पाहिजे. आणि त्या अधिसूचनेची प्रत त्या जागी लावलेली असली पाहिजे, इंग्रजीत आणि त्या परिसरातल्या लोकांच्या भाषेत.

तिसऱ्या अटीवर जरा थांबा. १९२३ सालचं परकं सरकार, तेसुद्धा म्हणत होतं की कर्जतच्या शेतकऱ्याला एखादी जागा बंद करायची तर ती का बंद, हे त्याला त्याच्या भाषेत वाचता आलं पाहिजे. नुसती मनाई लावून चालणार नाही, अधिसूचनेची प्रत लावा. आपल्या आजच्या फलकाने मराठी घेतली, आणि अधिसूचना गाळली!

पुढची गोष्ट, म्हणजे तिसरं कलम. निषिद्ध जागेजवळ नुसतं असणं किंवा नकाशा काढणं हा आपोआप गुन्हा होत नाही. राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधा आणण्याचा हेतू लागतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये वर्ध्याच्या एका प्रकरणात हीच व्याख्या वाचली. पोलीस ठाण्यात झालेल्या बोलण्याचं मोबाइलवर चित्रण केलं म्हणून एका नागरिकावर शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा दाखल झाला होता. न्यायालयाने सांगितलं की व्याख्येत पोलीस ठाणं नाही, आणि व्याख्या ओढून ताणून वाढवता येत नाही. गुन्हा रद्द झाला. २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने पाथर्डीच्या प्रकरणात तोच धागा पुढे नेला. जिथे सरकारी कामकाज प्रत्यक्ष चालतं त्या ठाण्याच्या आतली ही गोष्ट. मग रस्त्याच्या कडेला उभं राहून दिसणाऱ्या पुलाचं काय, ते तुम्हीच ठरवा.

रेल्वेबद्दल लोक हमखास विचारतात. १९८९ च्या रेल्वे अधिनियमात रुळांवर अनधिकृत शिरण्याचं कलम आहे, १४७ वं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. उपद्रव करण्याचं कलम आहे, १४५ वं. फोटो काढणं हा गुन्हा, असं कलम त्यात नाही. म्हणजे पळसदरीला रुळांवर उतरलात तर तुम्ही गुन्हा केलात, हातात कॅमेरा असो वा भेळेचा पुडा. फाटकाबाहेरच्या रस्त्यावरून घाटात चढणारी गाडी टिपली तर गुन्हा कुठला? चित्रपटाच्या किंवा जाहिरातीच्या चित्रीकरणाला परवानगी आणि शुल्क लागतं, तो व्यवहाराचा भाग झाला. जिथे खरंच बंदी घालायची होती तिथे ती रीतसर नियमात लिहिली गेली. १९३७ च्या विमान नियमांतला तेरावा नियम बघा, विमानतळावरच्या छायाचित्रणाचा. तो पटो न पटो, निदान तो नियम आहे, त्याच्याशी भांडता येतं.

परिपत्रकाने मूलभूत हक्क रोखता येत नाही, हेही जुनंच आहे. केरळमधल्या तीन शाळकरी मुलांनी राष्ट्रगीताला उभं राहून ते म्हणायला धार्मिक कारणाने नकार दिला, शाळेने त्यांना काढलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल देताना सांगितलं की एकोणिसाव्या अनुच्छेदातल्या स्वातंत्र्यावर बंधन घालायचं तर ‘कायदा’ लागतो, खात्याची सूचना पुरत नाही. आमचा फलक तर खात्याच्या सूचनेच्याही खालच्या पायरीवर आहे.

(कॉपीराइटचा मुद्दा एका वाक्यात. १९५७ च्या कायद्याचं बावन्नावं कलम वास्तूचा फोटो काढायला आणि प्रसिद्ध करायला मोकळीक देतं. पूल ही आमची निर्मिती आहे असं कंत्राटदार म्हणाला, तर त्याला शुभेच्छा द्या आणि फोटो काढा.)

आता इतिहासाकडे वळतो, कारण बोरघाटाचा आणि कॅमेऱ्याचा संबंध फार जुना आहे. घाटातल्या रेल्वेचं काम १८५६ च्या सुरुवातीला लागलं आणि मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. पंधरा-सोळा मैलांत अठराशे फुटांहून जास्त चढ, पंचवीस बोगदे. पहिल्या कंत्राटदाराच्या काळात, १८५९ मध्ये, मजुरीवरून मजुरांचा उठाव झाला आणि त्याने काम सोडलं. दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी इथे आला आणि थोड्याच आठवड्यांत आजाराने वारला. कंत्राट त्याची पत्नी अॅलिस हिने पुढे चालवलं. १८६१ च्या सुरुवातीला घाटात बेचाळीस हजार माणसं कामावर होती. आणि या कामाची छायाचित्रं आहेत, ती अॅलिस ट्रेडवेलच्या नावावर आहेत.

म्हणजे बघा. देशातल्या एका सर्वांत मोठ्या सार्वजनिक बांधकामाचं चित्रण ते चालू असतानाच झालं, आणि ते करणारी बाई स्वतःच कंत्राटदार होती. आम्हाला या छायाचित्रांबद्दल आदर आहे. पण समीक्षा करायची तर विचारलं पाहिजे की हा कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा होता. तो मालकाच्या बाजूला होता. त्यात बांधकाम मोठं असतं आणि माणूस मोजपट्टीसारखा. पटकीने मेलेल्या मजुरांची नावं त्यात असण्याचं कारणच नव्हतं. त्याच सुमारास मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी १८५४ साली निघालेल्या फोटोग्राफिक सोसायटीत वावरत होते, म्हणजे आपल्या माणसांना हे तंत्र अपरिचित नव्हतं. पण दगड वाहणाऱ्याच्या हातात कॅमेरा यायला अजून दीडशे वर्षं लागायची होती. आज तो आला आहे. प्रत्येकाच्या खिशात आहे. आणि नेमका आज फलक आडवा येतो. याला आम्ही योगायोग म्हणणार नाही.

कारण कंत्राटदाराचा कॅमेरा आजही चालूच आहे. नव्या बोगद्यांची छायाचित्रं बांधणारी संस्था स्वतःच प्रसिद्धीला देते, धरण भरलं की जलपूजनाचे फोटो छापून येतात, रेल्वे स्वतः घाटातल्या धबधब्याजवळून जाणाऱ्या गाडीचं चित्र कौतुकाने दाखवते. आमची त्याला हरकत नाही, सुंदरच असतात ते. पण जी गोष्ट प्रसिद्धीसाठी दाखवली जाते ती चौकशीसाठी पाहिली की गुपित होते, हे कसं? त्यात आणखी, १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्र सरकारने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची बरीच जुनी बंधनं उठवली. मोरब्याची भिंत आकाशातून जगातला कोणीही पाहतो. चौकच्या रस्त्यावरून पाहणाऱ्याचीच तेवढी अडचण.

या सगळ्याला एक खरं उत्तर आहे आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. ते उत्तर म्हणजे नोव्हेंबर २००८. डेव्हिड हेडलीने मुंबईत येऊन हल्ल्याच्या जागांचं चित्रण केलं होतं, पुढे २०१६ मध्ये त्याने व्हिडिओद्वारे मुंबईच्या न्यायालयात साक्षही दिली. सुरक्षारक्षक आम्हाला म्हणतो, ‘साहेब, उद्या काही झालं तर नोकरी माझी जाईल.’ त्याची भीती खोटी नाही. आम्ही त्याच्याशी हुज्जत घालत नाही, तुम्हीही घालू नका. पण हेडली काय करत होता? तो हॉटेलात पाहुणा म्हणून उतरत होता, पर्यटक म्हणून फिरत होता. फलक वाचून परत जाणारा माणूस तो नव्हेच. फलक अडवतो तो शाळेच्या मास्तरांना, वार्ताहराला, तडा गेलेला कठडा दाखवू पाहणाऱ्या गावकऱ्याला. ज्या जागा खरोखर नाजूक आहेत, नियंत्रण कक्ष, स्फोटकांचा साठा, त्या रस्त्यावरून दिसूच नयेत अशी व्यवस्था करता येते, आणि कायद्याने अधिसूचित करता येतात. सगळ्यावर एकच रंग फासला की खरी नाजूक जागा कोणती, हे पहारेकऱ्यालाही कळेनासं होतं.

पावसाळी आदेश हा वेगळा प्रकार, त्याची गल्लत करू नका. दर पावसाळ्यात रायगडात धबधबे आणि धरणांवर जमावबंदीसारखे आदेश निघतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ खाली. पाण्यात उतरणं, दारू पिणं, यांबरोबर धोक्याच्या जागी सेल्फी घेणं आणि चित्रीकरण यांनाही त्यात मनाई येते. दरवर्षी मुलं वाहून जातात, तेव्हा हा आदेश निघणं आम्हाला समजतं आणि आम्ही तो पाळतो. पण त्याचा प्राण दोन महिन्यांचा आहे, राज्य शासनाने वाढवला नाही तर. आणि तो जीव वाचवण्यासाठी आहे. कठड्याच्या बाहेर पाय टाकून स्वतःला टिपणारा आणि पुलाच्या खांबाचा उघडा पडलेला पाया रस्त्यावरून टिपणारा, दोघांना एका ओळीत ‘चित्रीकरण’ म्हणून बसवणं हा भाषेचा आळस आहे. पाऊस जातो, आदेश संपतो, आणि फ्लेक्स मात्र दिवाळीतही फडफडत असतो.

आता, काय पणाला लागलं आहे ते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच जिल्ह्यात महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसकट पुरात गेल्या. जुन्या पुलाची तब्येत खालून कळते. वरून डांबर गुळगुळीत असतं, खाली नदीपात्रातून पाहिलं तर दगडांमधून उगवलेली झाडं आणि खांबाशी झालेली धूप दिसते. नदीकाठी गुरं चारणारा ते रोज पाहतो. दर वर्षी एकाच जागेवरून काढलेले पाच फोटो असतील, तर मे महिन्यातल्या तपासणीच्या कागदाला विचारता येतं, बाबा रे, तू काय पाहिलंस?

कर्जत तालुक्यात उल्हास नदीवरचं कोंढाणे धरण आठवा. २०१२ मध्ये तो विषय जनहित याचिकेतून उच्च न्यायालयात गेला, पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हाही नोंदवला. त्या प्रकरणात कागद बोलले, माहितीच्या अधिकारात मिळालेले. पण कागदावरचं धरण आणि जमिनीवरचं धरण यांतलं अंतर दाखवायला शेवटी कोणाला तरी जाऊन पाहावंच लागतं. आणि इथे आमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५, कलम दोनमधला ‘ञ’. माहितीच्या अधिकारात कामाची पाहणी करणं येतं, आणि सामग्रीचे प्रमाणित नमुने घेणंही येतं. नमुने! म्हणजे ज्या भिंतीतल्या सिमेंटचा तुकडा अर्ज करून मागता येतो, तिचा रस्त्यावरून फोटो काढता येत नाही, असं म्हणणारा माणूस एकाच सरकारच्या दोन तोंडांनी बोलतो आहे.

आणि इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या त्या ठाकूरवाडीवर दरड आली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं बेपत्ता म्हणून शोध थांबवावा लागला. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, हे सरकारनेच सभागृहात सांगितलं. तिथे जायला रस्ता नव्हता. मदतीची माणसं पायी चढली, यंत्रं वर नेता आली नाहीत. पुढे सिडकोने चौकजवळ घरं बांधली, पण आम्हाला आज त्या आधीच्या फोटोंबद्दल बोलायचं आहे, जे नव्हते. इर्शाळगडावर ट्रेकर वर्षानुवर्षं त्याच वाटेने गेले. सुळक्याचे फोटो असतील हजारो, ढगांचे असतील, मोरब्याच्या पाण्यात उतरलेल्या सूर्यास्ताचे असतील. वाडीच्या वरच्या उताराचे, नसलेल्या रस्त्याचे किती? हा दोष फलकाचा नाही. इथे कोणी मनाई केली नव्हती. आम्हा शहरातून येणाऱ्यांच्या नजरेला डोंगर दिसतो, त्यावर काय बांधलेलं नाही ते दिसत नाही. वर्तमानपत्रात वर्षातून एकदा झोळीतून नेलेल्या बाळंतिणीचा फोटो येतो. तो आला पाहिजे. पण त्यात वेदना दिसते आणि रस्ता कुठे सुरू व्हायला हवा होता, कुठे संपायला हवा होता, ते दिसत नाही. पुढच्या वर्षी दुसरी वाडी, तोच फोटो.

म्हणून एक मर्यादाही सांगतो. आम्ही हक्क मागतो तो बांधकामाच्या फोटोचा. दरडीनंतर रडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर कॅमेरा धरण्याचा हक्क आम्ही मागत नाही, आणि कोणी मागितला तर आम्ही त्याच्याबरोबर नाही. पूल सार्वजनिक असतो, दुःख नसतं.

शेवटी तीन-चार चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांना उत्तरं देतो. एक प्रश्न आहे, ‘रक्षकाने फोटो पुसायला लावले तर?’ खासगी सुरक्षारक्षकाला तुमचा फोन घेण्याचा किंवा तपासण्याचा अधिकार नाही. पोलिसाला गुन्ह्याशी संबंधित वस्तू जप्त करता येते, संहितेच्या १०६ व्या कलमाखाली, पण जप्ती म्हणजे कागद आला, नोंद आली. ‘इथेच पुसून टाका आणि निघा’ हे कुठल्याच कलमात बसत नाही. नम्रपणे एवढंच विचारा, कोणत्या कलमाखाली? आणि हो, अंगावर येण्याची वेळ आली तर निघून या, फोटोपेक्षा तुम्ही महत्त्वाचे.

दुसरा, ‘ड्रोन चालेल का?’ ते वेगळं प्रकरण आहे. २०२१ चे ड्रोन नियम आहेत, लाल, पिवळे, हिरवे विभाग आहेत. आम्ही आज बोललो ते पाय जमिनीवर ठेवून काढलेल्या फोटोंबद्दल.

तिसरा कर्जतच्याच एका ताईंचा आहे, ‘आमच्या गावच्या पुलाजवळ असा फलक आहे, काय करू?’ ताई, आधी त्या फलकाचा फोटो काढा. मग तो ज्या कार्यालयाचा असेल तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज लिहा. हा फलक कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमाखाली लावला, अधिसूचनेचा क्रमांक आणि दिनांक काय, ती किती काळ लागू आहे, आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम काय, आणि अधिसूचनेची प्रत द्यावी. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, पण हा बसतो, आम्ही मोजून पाहिला आहे.